खूप दिवसांनी घरी आल्यावर

२०१४ च्या जूनमध्ये मी नाशिकला कायमचा परत आलो. अकरा वर्षे ईशान्य भारतातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. मधल्या काळात दोनदाच येणे झाले, आणि दोन्ही वेळा चार-चार दिवसांसाठी. नाशिकरोडला उतरून रिक्षा केली आणि इंदिरानगर सांगितले. द्वारकेच्या पुढे महामार्गाला लागलो तर डोक्यावर उड्डाणपूल. मागच्या खेपेला त्याचे खांब पाहिल्याचे पुसटसे आठवत होते. पूल वाहतुकीला खुला झाला तो २०१३ मध्ये. इंदिरानगरात शिरल्यावर रिक्षावाल्याने विचारले, "आता कुठून घेऊ?" आणि ज्या वस्तीत मी लहानाचा मोठा झालो, तिथे मला उत्तर देता येईना. माझी खूण होती कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. डोंगर डाव्या हाताला आला की वळायचे, एवढेच मला ठाऊक होते. प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहिली होती, त्यामुळे माझ्यापुरता डोंगरही नाहीसा झाला होता. दोन गल्ल्या चुकून घरी पोचलो.

आईने दार उघडले. आत पाऊल टाकले आणि वास आला. देवघरातला धूप, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, फोडणी, आणि या सगळ्याखाली निलगिरीचे तेल. तेल अण्णांचे. त्यांना सर्दीचा त्रास होता, रुमालावर चार थेंब टाकल्याशिवाय ते झोपत नसत. त्यांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. मी आईला म्हटले, "घरात अजून अण्णांच्या तेलाचा वास आहे." ती म्हणाली, "कसला रे वास? मला तर काही येत नाही."

रात्री पाणी प्यायला उठलो. अंधारात हात भिंतीवर गेला, तिथे बटण नव्हते. वायरिंग नवे करताना ते दाराच्या दुसऱ्या बाजूला नेले होते. जिना मात्र बिनचूक उतरलो. आमच्या जिन्याची पाचवी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच आहे. ती अंधारात बरोबर ओळखली गेली, आणि हे माझ्या लक्षात आले ते खाली पोचल्यावर.

म्हणजे रस्ता मी विसरलो होतो, पायाला पायरी पाठ होती, हात जुन्या जागी बटण शोधत होता, आणि जो वास मला स्पष्ट येत होता तो त्याच घरात राहणाऱ्या आईला येत नव्हता. खूप दिवसांनी घरी आल्यावर 'ओळखीचे आहे पण काहीतरी वेगळे आहे' असे जे वाटते, त्याचा उलगडा करायचा तर या विसंगतींपासूनच सुरुवात करावी लागते.

स्विस विद्यार्थी आणि देवळालीचे सोल्जर

घराच्या ओढीचा अभ्यास वैद्यकाने सुरू केला. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुणाने बाझेल विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. घरापासून दूर गेलेली माणसे झुरतात, खात नाहीत, तापाने फणफणतात, अशी उदाहरणे त्याने जमवली होती. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक विद्यार्थी आहे. तो इतका आजारी पडला की त्याच्या जगण्याची आशा राहिली नाही. शेवटी त्याला घरी पाठवायचे ठरले, आणि वाटेतच त्याची प्रकृती सुधारू लागली. होफरने या दुखण्याला 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. आज आपण हा शब्द जुन्या आठवणींच्या गोडव्यासाठी वापरतो. जन्माला आला तो रोगाचे नाव म्हणून.

रोग म्हटला की कारण हवे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शॉयख्त्सर या स्विस निसर्गअभ्यासकाने कारण सुचवले हवेच्या दाबाचे. स्विस लोक डोंगरावरच्या विरळ हवेत वाढलेले. सखल प्रदेशात उतरले की जड हवा त्यांच्या शरीराला दाबते आणि रक्ताभिसरण मंदावते. हा खुलासा नाशिकच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या तपासता येईल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. शॉयख्त्सरचे म्हणणे खरे असते तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणारे पासधारक रोज सकाळी आजारी पडले असते आणि रात्री घाट चढून वर आले की बरे झाले असते! (पासधारक यातला दुसरा भाग मान्य करतील, पण त्याचे कारण दाब नव्हे.)

याच आजाराची एक कहाणी इंदिरानगरपासून थोड्याच अंतरावर, देवळालीला घडली. ब्रिटिशांनी १८६० च्या सुमारास तिथे लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाण्यापूर्वी या छावणीत आणून ठेवले जात. पण सैनिकांना नेणारी जहाजे पावसाळा संपल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंतच सुटत. ज्याची मुदत शेवटचे जहाज गेल्यावर संपे, त्याला पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागे. कवायत नाही, काम नाही, घरी जायचे पक्के आणि तारीख लांब. त्यात उन्हाळा, हिवताप आणि दारू. पुष्कळांची डोकी फिरत. सैनिक याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. 'डूलाली' हा शब्द 'डोके फिरलेला' या अर्थाने इंग्रजी शब्दकोशात अजून आहे. घराची ओढ हे त्याचे एकमेव कारण नव्हते, हे वर दिलेल्या यादीवरून दिसतेच. पण माणूस आपल्या घराचे चित्र डोक्यात घेऊन हिंडतो आणि ते चित्र नुसते बसून राहत नाही, शरीराला कामाला लावते, एवढे त्यातून नक्की कळते.

आता हे चित्र मेंदूत कुठे असते ते पाहू. गंमत अशी की ते एका जागी नसते.

वास येतो आणि जातो

आपल्या नाकाच्या वरच्या भागात लाखो गंधपेशी असतात. प्रत्येक पेशीवर विशिष्ट आकाराचे रेणू पकडणारी प्रथिने असतात, त्यांना गंधग्राही म्हणतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये ही प्रथिने तयार करणारी जनुके शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. एखाद्या घराचा वास म्हणजे यांतल्या कित्येक ग्राहींचे एकाच वेळी वाजलेले सूर. म्हणूनच तो ओळखता येतो, पण कशाचा ते सांगता येत नाही.

डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातात आणि तिथून मेंदूच्या बाह्य भागाकडे रवाना होतात. वासाचा मार्ग वेगळा आहे. तो थॅलॅमसमध्ये न थांबता, भावना आणि आठवणी ज्या भागांत घडतात त्यांच्या अगदी शेजारी पोचतो. त्यामुळे वासाबरोबर येणारी आठवण 'आठवली' असे वाटत नाही, ती अंगावर येते. स्वीडनमध्ये २००६ मध्ये वृद्ध माणसांवर केलेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. शब्द किंवा चित्रे दाखवली तर त्यांना बहुतेक आठवणी ११ ते २० या वयातल्या सुचत; वास दिला तर दहा वर्षांच्या आतल्या.

मग आईला वास का येत नव्हता? तिच्या नाकात काही दोष नव्हता. कढईत काही लागले तर ती शेजारच्या खोलीतून ओरडते. प्रश्न सरावाचा आहे. एकच वास सतत येत राहिला की गंधपेशी काही सेकंदांतच संदेश कमी पाठवू लागतात. पेशीत शिरणारे कॅल्शियमचे आयनच तिची संवेदनशीलता उतरवतात. मेंदूही त्या संदेशाकडे दुर्लक्ष करू लागतो. जे बदलत नाही त्यात नवी माहिती नाही, आणि मेंदूला हवी असते बातमी. मनगटावरचे घड्याळ आपल्याला जाणवत नाही, तसेच हे.

माझेही तसेच झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वास गेला. मला वाटले, प्रवासाहून आल्याने भास झाला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फिरून आलो, दार उघडले, आणि वास हजर. या वेळी घड्याळ लावले. तीन-साडेतीन मिनिटांत तो विरला. तिसऱ्या दिवशी तेच. वास घरात होता, फक्त मला तीन मिनिटेच कळत होता.

आता कुतूहल वाटू लागले की चौदा महिन्यांनंतर निलगिरीचे तेल येते कुठून? बाटली तर केव्हाच फेकली होती. शोधायला माझ्याकडे रोजची तीनच मिनिटे होती. पहिल्या दिवशी बाहेरची खोली, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर, असे करत पाचव्या सकाळी मागच्या खोलीतल्या जुन्या लाकडी कपाटाशी पोचलो. सर्वांत खालच्या खणात कधीतरी बाटली सांडली होती. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरले होते, आणि उन्हाळ्यात खोली तापली की त्याचे रेणू थोडे थोडे बाहेर पडत होते. आईने हे कपाट भंगारात द्यायचे ठरवले होते. पायांना वाळवी लागली होती आणि भंगारवाल्याशी बोलणेही झाले होते. मी तिला खणाशी नेले. तिने वाकून पाहिले, मान हलवली. "जुन्या लाकडाचा वास आहे," म्हणाली. कपाट 'पुढच्या महिन्यात बघू' वर गेले.

दोन आठवड्यांनी मात्र फिरून आल्यावरही वास जेमतेम येऊ लागला. याचेही कारण संशोधकांनी तपासले आहे. अमेरिकेत पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माणसांना एक सुगंधी पदार्थ घरात ठेवायला दिला. दोन आठवड्यांनी त्यांना प्रयोगशाळेत, म्हणजे घराबाहेरच्या हवेत, तपासले तर त्या विशिष्ट वासापुरते त्यांचे नाक बोथट झालेले आढळले. पदार्थ काढून घेतल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकून होता. म्हणजे सराव दोन प्रकारचा असतो. एक मिनिटांत होतो आणि फिरून आल्यावर मोडतो. दुसरा दिवसागणिक साठत जातो आणि मोडायलाही तितकेच दिवस लागतात. आई रोज सकाळी देवळात जाऊन येई, पण अर्ध्या तासाने तिचा चाळीस वर्षांचा सराव मोडणार नव्हता.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. ठेचलेली बडीशेप किंवा लिंबाची साल एका बशीत ठेवून खिडक्या लावा आणि निम्म्या मुलांना दहा मिनिटे वर्गात बसवा. मग उरलेल्या मुलांना आत बोलवा. सर्वांनी एकमेकांशी न बोलता वासाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दोन्ही गटांची सरासरी काढा. नंतर पहिल्या गटाला पाच मिनिटे मैदानावर पाठवून परत आणा आणि पुन्हा गुण घ्या. उदबत्ती किंवा कापूर जाळू नका. दमा असलेल्या मुलांना धूर बाधतो.

(जाता जाता: पहिल्या पावसाचा मातीचा वास आपल्याला दरवर्षी नव्याने येतो, कारण मधे आठ महिन्यांची सुट्टी असते. त्यातला जिऑस्मिन हा मुख्य पदार्थ मातीतले जीवाणू तयार करतात, आणि आपले नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण आहे.)

पायरी पायाला माहीत असते

जिन्याची गोष्ट निराळी. पाचवी पायरी उंच आहे हे मला विचारले असते तर कदाचित सांगता आले नसते. ही माहिती शब्दांत नव्हतीच.

मेंदूविज्ञानात हा फरक स्पष्ट झाला तो एका रुग्णामुळे. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ मध्ये दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण त्याला नवीन काही आठवेनासे झाले. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने त्याच्यासाठी अनोळखी असे. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला, आणि तरीही दर वेळी 'हे मी कधी केलेले नाही' असे सांगे. हाताने शिकलेले वेगळीकडे साठते, घडलेल्या घटनांची आठवण वेगळीकडे, हे यातून दिसले. घराच्या विषयात तर त्याची आणखी एक नोंद आहे. शस्त्रक्रियेनंतर तो ज्या घरात राहायला गेला, त्या घराचा नकाशा तो बरोबर काढू शके. वर्षानुवर्षे त्या खोल्यांतून फिरून घर त्याच्यात उतरले होते.

अंगवळणी पडलेल्या हालचाली फार टिकाऊ असतात. म्हणूनच त्या फसवतातही. माझे बटण तसे फसले. हात पुढे करण्यापूर्वीच मेंदूने बोटांना काय लागेल याचा अंदाज बांधलेला असतो, आणि गुळगुळीत भिंत लागली की अंदाज चुकल्याची सूचना निघते. मेंदू अहोरात्र असे अंदाज बांधत असतो. नव्या गावात अंदाजच नसतात, म्हणून तिथे चुकीचे काही वाटत नाही. जुन्या घरी प्रत्येक पावलाला अंदाज तयार असतो; दहांतले आठ बरोबर ठरतात आणि दोन चुकतात. हे 'परके' वाटणे बहुधा त्या दोनांतून येते. संपूर्ण बदललेले घर माणसाला इतके खटकत नाही.

रस्त्याचे तिसरेच. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी शोधल्या, की ज्या उंदीर खोलीच्या ठराविक जागी आला तरच कार्यरत होतात. एक पेशी कोपऱ्यासाठी, दुसरी दाराजवळच्या जागेसाठी, अशा शेकडो मिळून मेंदूतला नकाशा होतो. मोझर पतिपत्नींनी २००५ मध्ये या नकाशाची 'चौकट' म्हणता येईल अशा पेशी शोधल्या, आणि २०१४ मध्ये, म्हणजे मी रस्ता चुकलो त्याच वर्षी, तिघांना नोबेल मिळाले. या पेशींचे दोन गुण इथे महत्त्वाचे आहेत. उंदराला त्याच जागेत काही महिन्यांनी परत आणले तरी त्याच पेशी त्याच जागी जाग्या होतात. पण जागेच्या भिंती किंवा खुणा पुरेशा बदलल्या, तर मेंदू जुना नकाशा बाजूला ठेवून नवाच काढायला घेतो. माझा इंदिरानगरचा नकाशा मोकळ्या प्लॉटवर आणि पांडवलेण्यांच्या डोंगरावर टांगलेला होता. खुंट्याच काढल्यावर तो टिकणार कसा?

अण्णा गेले तेव्हा मी आलो होतो, मग तेव्हाच रस्ता नव्याने का शिकलो नाही? त्या वेळी मेहुणे गाडी घेऊन स्टेशनवर आले होते. दुसऱ्याच्या गाडीत बसून गेलेला रस्ता नीट पाठ होत नाही, वाट स्वतः शोधावी लागते. शिवाय त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत नव्हतो.

शाळेचा व्हरांडा

आठवडाभराने माझी प्राथमिक शाळा पाहायला गेलो. ज्या व्हरांड्यात आम्ही शर्यती लावायचो, तो दहा-बारा पावलांत संपला. हा अनुभव बहुतेकांना येतो. त्याचा सोपा खुलासा असा, की लहानपणी आपण जग आपल्याच शरीराच्या पट्टीने मोजलेले असते. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०११ मध्ये हे फार मजेशीर पद्धतीने तपासले गेले. माणसाला निजवून डोळ्यांवर असा चष्मा चढवला की खाली पाहिल्यावर त्याला स्वतःच्या जागी बाहुलीचे शरीर दिसे. बाहुलीच्या पायाला आणि त्याच्या पायाला एकाच वेळी काडी टेकवली की थोड्या वेळात ते शरीर आपलेच वाटू लागे. बाहुली ३० सेंटिमीटरची असेल तर त्याला समोरच्या वस्तू मोठ्या आणि लांब वाटत. चार मीटरची असेल तर लहान आणि जवळ.

आपल्याकडे बाहुल्या नकोत. पहिलीतल्या, सातवीतल्या एकेका मुलाला आणि एका शिक्षकाला तोच व्हरांडा पावलांनी मोजायला सांगा. तिघांचे आकडे फळ्यावर लिहा. मग मीटरपट्टीने मोजा.

माणसे

आतापर्यंत घराबद्दलच बोललो. घरातली माणसेही अंदाजाचाच भाग असतात, आणि तिथली चूक बटणासारखी पटकन दुरुस्त होत नाही. आल्फ्रेड शूट्स या समाजशास्त्रज्ञाने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांविषयी १९४५ मध्ये एक निबंध लिहिला. शूट्स स्वतः व्हिएन्ना सोडून अमेरिकेत स्थायिक झालेला. त्याचा मुद्दा साधा आहे. परक्या गावी जाणाऱ्याला ठाऊक असते की आपल्याला नव्याने शिकायचे आहे. घरी परतणारा मात्र समजतो की आपल्याला सगळे माहीत आहे. घरच्यांनाही तसेच वाटते. त्यांच्या डोळ्यांसमोर गेलेला माणूस असतो, आणि आलेला वेगळा असतो. मला आई आठवडाभर सकाळी दुधाचा पेला देत होती. मी दूध कधीच सोडले होते, चहा बिनदुधाचा घेत होतो. सांगायला पाच दिवस लागले.

परतणाऱ्याची मनःस्थिती आधी आनंदाची, मग खचलेली, मग हळूहळू स्थिरावलेली, असा आलेख परदेशी शिकून आलेल्यांच्या अभ्यासावरून गुलाहॉर्न पतिपत्नींनी १९६३ मध्ये मांडला. तो पुष्कळ पुस्तकांत छापला जातो. नंतरच्या पाहण्यांत सर्वांच्या बाबतीत तो असाच आढळलेला नाही, तेव्हा तो नियम म्हणून शिकवू नये. परतल्यावर काही काळ अवघड जाऊ शकते आणि त्यात आजारासारखे काही नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

शिक्षकांना हे उपयोगी पडते ते वसतिगृहातल्या मुलांच्या बाबतीत. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा भागातली कितीतरी मुले आश्रमशाळांत राहतात आणि दिवाळीत, मे महिन्यात घरी जातात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे फार मोठा काळ. धाकटे भावंड त्याला ओळखत नाही, घरातली बोली पहिल्या दिवशी जिभेवर येत नाही, रात्री अंधार जास्त वाटतो. हे सगळे अंगवळणी पडेपर्यंत सुट्टी संपते आणि तोच प्रकार उलट्या दिशेने शाळेत सुरू होतो. मोठ्या माणसाला आयुष्यात एकदोनदा जे करावे लागते, ते ही मुले वर्षातून चार वेळा करतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत चाचणी ठेवू नये, असे मला वाटते. त्याऐवजी 'घरात शिरताना सगळ्यात आधी काय जाणवले?' एवढाच प्रश्न द्यावा. वास, आवाज, लहान वाटलेली वस्तू, काहीही. मी दिला तेव्हा एका मुलीने 'गोठा रिकामा' एवढे दोनच शब्द लिहिले होते. लिहिण्याची सक्ती मात्र करू नये. सगळ्यांची घरे सुखाची नसतात, आणि काहींना परत जायला घर नसते.

२०१५ च्या मे महिन्यात आई मावशीकडे जळगावला गेली. दीड महिना राहिली. मी आणायला स्टेशनवर गेलो, रिक्षा या वेळी न चुकता दारापाशी आणली. पिशव्या घेऊन मी मागून येत होतो. ती दार उघडून आत गेली आणि चौकटीच्या दोन पावले पुढे थांबली.

"अरे," ती म्हणाली, "ह्यांच्या तेलाचा वास येतोय."

पिशव्या तिथेच ठेवून मी तिला मागच्या खोलीत जायला सांगितले, कारण फार वेळ नव्हता. ती कपाटाशी बसली आणि तिने खालचा खण ओढला. त्या पावसाळ्यात सुताराला बोलावून कपाटाचे पाय बदलून घेतले.